वाचकांचे प्रश्न : फोर्ट वर्थचा जुना गुरांचा बाजार

अमेरिकेतील टेक्सास राज्यात फोर्ट वर्थ शहराच्या उत्तर भागात ‘स्टॉकयार्ड्स’ नावाची जुनी बाजारवस्ती आहे. काउबॉय आणि गुरांच्या व्यापाराशी जोडलेल्या या वस्तीला भेट देण्याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी काही दिवसांसाठी डॅलसला मुलाकडे जाणार आहोत. फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्समध्ये रोज लांब शिंगांच्या गुरांचा कळप रस्त्यावरून नेतात, असे वाचले. परंतु तिथे जाऊन आलेल्या एका परिचितांनी ‘सारा देखावा आहे, टोप्या आणि बूट विकण्यासाठी मांडलेला’ असे सांगितले. आमच्याकडे एकच मोकळा दिवस आहे. तो तिथे घालवावा का?

उत्तर : जरूर घालवावा. मात्र आपण काय पाहणार आहोत हे निघण्यापूर्वीच समजून घ्यावे. या एका रस्त्यावर दोन निरनिराळे काळ एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि ते वेगळे केल्याशिवाय या जागेचा अर्थ लागत नाही. तुमच्या परिचितांची निराशा झाली असावी ती यामुळेच.

पहिला काळ पायी हाकलेल्या कळपांचा. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, तेव्हा टेक्सासच्या माळरानांवर मोकाट गुरे उदंड होती आणि त्यांना तिथे भाव नव्हता. गावात चार-पाच डॉलरला मिळणारे जनावर उत्तरेकडच्या शहरांत चाळीस डॉलरपर्यंत विकले जाई, पण ते तिथवर न्यायला टेक्सासातून रेल्वे नव्हती. १८६७ साली जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्याने कॅन्सस राज्यात ॲबिलीन येथे लोहमार्गालगत गुरांचे वाडे बांधले आणि तिथवर कळप चालवत नेण्याचा धंदा जोरात सुरू झाला. ज्या वाटेने हे कळप जात, ती ‘चिझम ट्रेल’ या नावाने प्रसिद्ध आहे. दोन-अडीच हजार गुरांमागे दहा-बारा माणसे असत. दिवसाकाठी पंधरा-वीस किलोमीटरच चाल ठेवावी लागे, कारण घाई केली की जनावर झडते आणि पोचल्यावर त्याला भाव येत नाही. फोर्ट वर्थ हे त्या वाटेवरचे शेवटचे मोठे गाव. इथे पीठ, कॉफी, घेवडा आणि काडतुसे भरून घ्यायची आणि पुढे रेड नदी ओलांडून मूळ निवासी जमातींसाठी राखलेल्या प्रदेशात, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, शिरायचे. काउबॉय म्हणून जगभर ज्याचे चित्र पोचले तो माणूस म्हणजे या कळपांमागे धूळ खात चालणारा, महिन्याच्या पगारावर राबणारा, बहुधा विशीच्या आतबाहेरचा मजूर होता.

लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की त्या मजुराने आजच्या स्टॉकयार्ड्समधली एकही इमारत पाहिलेली नव्हती. हातातले पैसे उडवायला तो जाई तो दारूगुत्त्यांचा आणि जुगाराच्या अड्ड्यांचा ‘हेल्स हाफ एकर’ हा भाग मूळ गावाच्या दक्षिण टोकाला होता, आणि आज तिथे कन्व्हेन्शन सेंटर व वॉटर गार्डन्स आहेत. फोर्ट वर्थला रेल्वे पोचली ती १८७६ साली. त्याच सुमारास काटेरी तारेची कुंपणे माळरानावर पसरू लागली. शिवाय टेक्सासच्या गुरांच्या अंगावरील गोचिडांमुळे वाटेतली इतर जनावरे तापाने मरत असल्याने कॅन्ससने १८८५ साली त्या गुरांना आपल्या हद्दीत येण्यास मनाई केली. पायी कळप नेण्याचा काळ तिथे जवळपास संपला. जेमतेम वीस वर्षे तो चालला असेल.

दुसरा काळ रेल्वेचा आणि मांसाच्या कारखान्यांचा, आणि स्टॉकयार्ड्स त्या काळाचे अपत्य आहे. मालगाडीतून जिवंत गुरे नेताना ठरावीक तासांनी त्यांना खाली उतरवून चारा-पाणी आणि विश्रांती दिली पाहिजे, असा कायदा अमेरिकेत १८७३ सालापासून होता. आरंभी इथले वाडे बऱ्याच अंशी अशा विसाव्याच्याच कामी येत. पुढे १८९३ साली बोस्टनच्या भांडवलदारांनी हा व्यवसाय विकत घेतला, आणि त्यांच्या ध्यानात आले की जिवंत जनावर शेकडो मैल पाठवायचे म्हणजे हाडे, कातडी आणि वाटेत घटणारे वजन या सगळ्यांचे भाडे भरायचे. बर्फाने थंड ठेवलेल्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, एव्हाना धावू लागल्या होत्या. तेव्हा कारखानाच बाजाराशेजारी आणावा, असा विचार पुढे आला आणि शिकागोच्या आर्मर व स्विफ्ट या दोन बड्या कंपन्यांना इथे आणण्यात आले. १९०२ साली बांधकाम सुरू झाले आणि १९०३ साली कारखाने चालू झाले. गुरांचे सौदे जिथे होत ती लाइव्हस्टॉक एक्सचेंजची इमारत, बंदिस्त आखाडा, घोड्या-खेचरांच्या तबेल्यांची रांग हे सारे त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांतले आहे.

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, इथून गेलेल्या गुरे, डुकरे, मेंढ्या, घोडे यांची संख्या बावन्न लाखांवर होती. युद्धानंतर रस्ते सुधारले, ट्रक आले, शेतकऱ्याच्या जवळपासच लहान लिलाव भरू लागले आणि जनावर रेल्वेने एका ठिकाणी आणण्याची गरजच उरली नाही. आर्मरचा कारखाना १९६२ साली आणि स्विफ्टचा १९७१ साली बंद पडला. १९८६ साली विक्री ५७ हजारांच्या आसपास घसरली होती. दरम्यान १९७६ साली या वस्तीला राष्ट्रीय ऐतिहासिक क्षेत्र म्हणून नोंद मिळाली, म्हणून ती वाचली.

आता तुम्ही वाचलेल्या त्या कळपाविषयी. तो १९९९ साली, शहराच्या स्थापनेला दीडशे वर्षे होत असताना सुरू झाला. म्हणजे ईस्ट एक्सचेंज ॲव्हेन्यूवरून लांब शिंगांचे बैल जाताना आपण पाहतो ते दृश्य पहिल्या काळाचे आहे, ते दुसऱ्या काळाच्या रस्त्यावर चालते आणि चालवणारी माणसे आपल्या काळाची आहेत. यात फसवणूक काहीच नाही. ते बैल खरे आहेत, घोड्यावरची माणसे आपल्या कामात तयार आहेत. फक्त तेवढेच पाहून माणूस दुकानात शिरला, तर ज्या व्यवहारासाठी ही जागा उभी राहिली तो त्याच्या दृष्टीआडच राहतो.

प्रश्न : मग एका दिवसात नेमके काय आणि कोणत्या क्रमाने पाहावे? कळप पाहण्यासाठी कुठे उभे राहावे?

उत्तर : कळप रोज दोनदा, सकाळी साडेअकराला आणि दुपारी चारला निघतो. तिकीट नसते. पाऊस किंवा वादळ असेल तर फेरी रद्द होते. प्रत्यक्ष फेरी काही मिनिटांतच आटोपते, म्हणून निदान पाऊण तास आधी पोचावे आणि लाइव्हस्टॉक एक्सचेंजच्या मागे जिथे हे बैल ठेवतात त्या वाड्यांकडे प्रथम जावे. माझ्या मते फेरीपेक्षा हे दृश्य अधिक मोलाचे आहे. सहा-सातशे किलोचे ते बैल इतक्या अवजड शिंगांनिशी अगदी दाटीवाटीतून फिरताना मान किती बेताने तिरकी करतात, शेजाऱ्याला धक्का न लावता शिंगाचे टोक कुंपणाच्या फळीवरून कसे अलगद पलीकडे नेतात, हे तिथे अगदी जवळून पाहता येते. एकाचे शिंग सरळ आडवे, दुसऱ्याचे टोकाशी वर वळलेले, तिसऱ्याचे पिळदार. रंगही एकासारखा दुसऱ्याचा नाही. घोडेस्वार खोगिरे कसत असतात, रिकिबी तपासत असतात आणि सवड असली तर प्रश्नांना आनंदाने उत्तरे देतात. फेरी सुरू झाली की एक्सचेंजच्या समोरच्या हिरवळीलगत रस्त्याच्या कडेला उभे राहावे. बैल हाताच्या अंतरावरून जातात असे वाटले तरी पदपथावरून खाली उतरू नये आणि लहान मुलांचा हात सोडू नये.

त्यानंतर एक्सचेंजच्या इमारतीत जावे. लोक तिच्यापुढे छायाचित्रे काढतात आणि आत न जाता परततात, याचे वाईट वाटते, कारण या वस्तीचा प्राण तिथे होता. अडते, रेल्वेचे प्रतिनिधी, तारघर हे सर्व या एका छपराखाली बसत. गुरे पाठवणारा शेतकरी किंवा पशुपालक दूर असे. त्याचा माल उतरवून घेणे, चारणे, गिऱ्हाइकाला दाखवणे, भाव ठरवणे आणि आपली अडत कापून उरलेली रक्कम त्याला पाठवणे हे काम अडत्याचे. शिकागोचा भाव तारेने आला की बाहेरच्या वाड्यांतली बोली बदलत असे. आत स्टॉकयार्ड्सचे छोटे संग्रहालय आहे. तिथे बाजाराच्या दिवसांची छायाचित्रे आणि जुन्या वस्तू आहेत. त्यांतली वाड्यांची छायाचित्रे नीट पाहावीत, कारण एके काळी किती दूरवर कोंडवाडेच कोंडवाडे पसरले होते याची कल्पना आजच्या मोकळ्या जागा पाहून येणार नाही.

पायाखालच्या विटांकडेही लक्ष द्यावे. चिखलात जनावर घसरते आणि रोगराई वाढते, म्हणून इथल्या वाड्यांत आणि रस्त्यांवर विटांची फरसबंदी केली गेली. थर्बर या खाणगावातल्या भट्ट्यांतून अशा विटा फोर्ट वर्थला येत. रस्त्याच्या पूर्व टोकाला, कारखाने जिथे होते तिथे, आता फारसे काही उरलेले नाही, तरी तिथवर चालत जावे. गुरे चढणीवरून स्वतःच्या पायांनी कारखान्याच्या वरच्या मजल्यावर नेत आणि कापलेला माल मजल्यामागून मजला आपल्या वजनाने खाली येई, अशी या उद्योगातली रचना असे. बाजार, रस्ता आणि कारखाना एका सरळ रेषेत का आहेत, हे त्या टोकाला उभे राहून मागे पाहिले की कळते.

ज्या भागात हे सारे होते तो नाइल्स सिटी या नावाने १९११ साली स्वतंत्र गाव म्हणून नोंदवला गेला, जेणेकरून फोर्ट वर्थचे कर कारखान्यांना लागू नयेत. काही शे लोकवस्तीच्या त्या गावात कोट्यवधी डॉलरची मालमत्ता होती. १९२३ साली फोर्ट वर्थने ते आपल्या हद्दीत घेतले. कारखान्यांच्या कंपन्यांचे वजन किती होते याची खूण म्हणून मला ही हकिकत कोणत्याही गोळीबाराच्या कथेपेक्षा महत्त्वाची वाटते.

डॅलसहून येण्यासाठी युनियन स्टेशनवरून ट्रिनिटी रेल्वे एक्सप्रेसने फोर्ट वर्थ सेंट्रल गाठावे. ही गाडी रविवारी धावत नाही. तिथून स्टॉकयार्ड्स उत्तरेला चार-पाच किलोमीटरवर आहे. विमानतळावरून थेट यायचे असेल तर टेक्सरेल ही गाडी नॉर्थ साइड स्थानकावर उतरवते आणि पुढचा थोडा रस्ता टॅक्सीने जाता येतो. जून ते ऑगस्ट दुपारी पारा ३५ अंशांच्या वर असतो आणि विटांचा रस्ता तापतो, म्हणून त्या दिवसांत सकाळची फेरी पाहावी आणि दुपार इमारतींच्या आत काढावी.

प्रश्न : तिथला रोडिओ पाहावा की नाही, यावर आमच्या घरात एकमत होत नाही. मुलांना उत्सुकता आहे, मला प्राण्यांचे हाल पाहवत नाहीत.

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर खेळानुसार वेगळे द्यावे लागते. रोडिओ म्हणजे एक खेळ नव्हे, काउबॉयच्या रोजच्या कामांतून निघालेले काही प्रकार आणि काही केवळ धाडसाचे प्रकार यांची ती मालिका असते. वळूवर आठ सेकंद टिकून राहण्याचा प्रकार दुसऱ्या जातीतला, कारण कळप राखणाऱ्या कुणालाही वळूवर बसण्याचे काही काम नसे. त्यात वळूच्या मागच्या बाजूला पोटाभोवती एक पट्टा आवळलेला असतो. तो त्याच्या नाजूक अवयवांना बांधतात हा समज चुकीचा आहे, पण तो त्याला नकोसा असतो आणि म्हणून तो उसळतो, हे खरेच आहे. या प्रकारात अधिक धोका स्वाराला असतो. धावत्या वासराच्या गळ्यात फास टाकून त्याला आडवे पाडून पाय बांधण्याचा प्रकार मात्र मला पाहवत नाही. माळरानावर डाग देण्यासाठी किंवा औषधासाठी वासरू पकडावे लागे हे मान्य केले तरी, घड्याळ लावून ते करण्यात वासराला बसणारा झटका कमी होत नाही. तीन पिंपांभोवती घोडा भरधाव वळवत नेण्याची स्त्रियांची शर्यत मात्र जरूर पाहावी. घोडा आणि स्वार यांच्यातली समज तिथे प्रत्येक वळणावर दिसते. एकंदरीत, मुलांना न्यायचे ठरलेच, तर प्रत्येक प्रकार सुरू होण्याआधी तो काय आहे हे त्यांना सांगावे आणि तुम्हाला नको तेव्हा उठून बाहेर यावे. त्यात संकोच करण्याचे कारण नाही.

हा रोडिओ काउटाउन कोलिझियम या बंदिस्त आखाड्यात शुक्रवारी आणि शनिवारी रात्री होतो. १९०८ साली बांधलेल्या या इमारतीत १९१८ साली पहिला बंदिस्त रोडिओ झाला, असे शहर अभिमानाने सांगते. महान गायक एन्रिको कारुसो १९२० साली याच इमारतीत गायला होता. जानेवारी-फेब्रुवारीत भरणारा फोर्ट वर्थ स्टॉक शो व त्याचा मोठा रोडिओ हा निराळा. तो शहराच्या दुसऱ्या भागात, विल रॉजर्स संकुलाजवळ असतो. दोन्हींची तिकिटे काढताना लोकांची नेहमी गल्लत होते.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. काउबॉय म्हटले की गोरा माणूसच डोळ्यांपुढे येतो. या वस्तीत इतरांची काही खूण आहे का?

उत्तर : आहे, पण ती शोधावी लागते, आणि तुमच्यासारख्या शिक्षिकेने ती शोधून मुलांपर्यंत न्यावी असे मला मनापासून वाटते. घोड्यावरून गुरे वळवण्याची विद्या, फास, खोगिराची घडण हे सारे टेक्सासात आले ते मेक्सिकोच्या गुराख्यांकडून. कळपांमागे चालणाऱ्यांत मेक्सिकन होते आणि गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले कृष्णवर्णीयही मोठ्या संख्येने होते. इतिहासकारांच्या अंदाजाने काउबॉयांपैकी साधारण चौथा हिस्सा कृष्णवर्णीय असावा. चिझम ट्रेल ज्याच्या नावाने ओळखली जाते तो जेसी चिझम चेरोकी या मूळ निवासी जमातीतल्या आईचा मुलगा होता.

या वस्तीत बिल पिकेट यांचा ब्राँझचा पुतळा आहे. १८७० साली जन्मलेल्या या कृष्णवर्णीय काउबॉयने धावत्या बैलावर घोड्यावरून झेप घेऊन, शिंगे धरून त्याला लोळवण्याचा प्रकार रूढ केला. पुतळ्यात तोच क्षण पकडलेला आहे. वर्णामुळे अनेक स्पर्धांत त्यांना प्रवेश नाकारला जाई. १९३२ साली त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर जवळपास चार दशकांनी, १९७१ साली, राष्ट्रीय रोडिओ सन्मानितांत त्यांचे नाव आले. कोमांची जमातीचे प्रमुख क्वाना पार्कर यांचाही पुतळा जवळच आहे. ज्या माळरानावरून कळप गेले ते कोणाचे होते, हा प्रश्न मुलांना विचारायला ती जागा योग्य आहे.

आणखी एक नाव मात्र सहली नेणारे मार्गदर्शक सहसा घेत नाहीत. १९२१ साली मांस कारखान्यांत संप झाला, तेव्हा कंपन्यांनी संप मोडण्यासाठी कृष्णवर्णीय कामगार घेतले. फ्रेड राउझ हे त्यांपैकी एक. डिसेंबरात संपकऱ्यांच्या जमावाने त्यांना याच बाजाराच्या परिसरात, मेले असे वाटेपर्यंत मारले. ते जिवंत आहेत असे कळल्यावर पाच दिवसांनी त्यांना रुग्णालयातून उचलून नेऊन झाडाला फाशी दिली गेली. ती जागा सॅम्युएल्स ॲव्हेन्यूवर, स्टॉकयार्ड्स आणि शहराच्या मध्यभागाच्या दरम्यान आहे, आणि २०२१ साली तिथे स्मृतिफलक उभारण्यात आला. मुले मोठ्या वर्गातली असतील तर त्यांना तिथे अवश्य न्यावे. मालक, संप, वर्ण आणि भूक यांची गाठ कशी पडते हे त्यांना तिथे समजावून सांगता येईल.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. जिथे इतकी जनावरे मारली गेली अशा जागी सहलीला जाणे मनाला पटत नाही. शिवाय तिथे खायला काय मिळेल?

उत्तर : पटत नसेल तर स्वतःवर बळजबरी करू नये. तरीही माझे मत विचाराल तर, ज्याला या गोष्टीचा त्रास होतो त्याने ही जागा इतरांपेक्षा अधिक नीट पाहिलेली असते. बाजारपेठेतल्या मांसामागे किती वाडे, किती वाघिणी आणि किती मजूर उभे होते हे डोळ्यांनी दिसणारी ठिकाणे जगात फार उरलेली नाहीत.

जेवणाचे म्हणाल तर मेक्सिकन धाटणीच्या खाणावळींत पोळ्या, घेवडा, भात, भाज्या मिळतात. मात्र घेवडा डुकराच्या चरबीत परतलेला आणि भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो, म्हणून मागवण्यापूर्वी या दोन्हींविषयी स्पष्ट विचारावे.

प्रश्न : काउबॉय टोपी आणि बूट तिथून घ्यावेत का?

उत्तर : वापरणार असाल तर घ्यावेत. उन्हाळ्यासाठी गवताची टोपी आणि थंडीसाठी नमद्याची, असा तिथला रिवाज आहे. चांगल्या दुकानात वाफ देऊन टोपीचा काठ आपल्या चेहऱ्याप्रमाणे वळवून देतात, त्यासाठी थोडा वेळ हाताशी ठेवावा. पायाचे माप घेऊन शिवलेले बूट तयार व्हायला काही महिनेही लागतात, तेव्हा प्रवासी माणसाने तयार जोडच पाहावा. तो घालून दुकानात बराच वेळ चालावे. नव्या बुटात टाच किंचित वर सरकते, तेवढे चालते, पण पंज्याच्या रुंद भागात बूट आवळत असेल तर पुढे तो सैल होईल या आशेवर घेऊ नये.